साळिंदराचे पट्टे मोजून वय कळतं का?

नमस्कार दादा,

एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही ऐसपैस देतो. तुमच्या दोन तक्रारी आहेत. काट्यावरचे पट्टे मोजले की साळिंदराचं वय कळतं असं जाणती माणसं सांगतात, ते मी लेखात उडवून लावलं. आणि माडाची रोपं फस्त करणाऱ्या जनावराचं कौतुक शहरातल्यांनाच सुचतं.

आधी पट्टे. काटा म्हणजे जाड, कडक झालेला केसच. तो मुळातून वाढतो, टोक आधी बाहेर पडतं. वाढताना मुळाशी रंग भरला तिथे काळा पट्टा, थांबला तिथे पांढरा. साध्या उंदराचा केस उजेडात धरलात तरी दिसेल: टोक काळं, खाली पिवळसर पट्टी, मग पुन्हा काळं. उंदरातला हा फेरपालट करणारं ‘अगूटी’ जनुक १९९२ साली हाती लागलं. जनुकाला हे नाव पडलं ते अगूटी या प्राण्यावरून; असेच पट्टेदार केस असलेला हा कुरतड्या प्राणी दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत राहतो.

साळिंदराचे काटे झडतात, नवे येतात. एकाच पाठीवर जुना काटा आणि शेजारी अर्धवट वाढलेला. मग वय कुठल्या काट्यावरून धरायचं? आपल्याकडे पट्टे बघायचे ते वेगळ्याच कामासाठी. सीमंतोन्नयनात, म्हणजे गरोदरपणी करायच्या संस्कारात, बायकोचा भांग पाडायला तीन जागी पांढरा असलेला साळूचा काटा घ्यावा, असं आश्वलायन गृह्यसूत्र हा घरातल्या संस्कारांचा जुना ग्रंथ सांगतो. तिथेही वयाचा प्रश्न नाही!

माझ्या मते पट्टे आहेत ते धाक दाखवायला. काळोखात काळ्यावर पांढरं उठून दिसतं. काटे फुलवायचे, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवायचे, तरी समोरचा हटला नाही तर पाठमोरं अंगावर जायचं. काटे फेकत मात्र नाही; ते सैल असतात, टोचले की तिथेच राहतात. पंजात काटे रुतून बिबटे जायबंदी होतात ते असे.

नुकसानीचं म्हणाल तर पटतं. आमच्या आगरातही कोंब खाल्लेली रोपं निघतात, सुरण-कणगर तर विचारू नका. पण फासकी लावू नका. साळिंदराची शिकार १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय फासकीत बिबट्याही अडकतो. रोपाभोवती तारेची जाळी लावा आणि ती हातभर जमिनीत गाडा. नुसती वर उभी केलीत तर हा पठ्ठ्या खालून उकरून आत येतो.