काळे मणी, उलटा क्रूस आणि एक फिरता मेसेज

लग्नसराई जवळ आली की जालना-संभाजीनगरकडच्या चर्चच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मंगळसूत्र, काळे मणी, जोडवी ही मूर्तिपूजकांची, ख्रिस्ती बायकांनी ती उतरवावीत. शांतीचं चिन्ह म्हणजे रोमी बादशहा नीरोने मोडलेला क्रूस. उलटा क्रूस सैतानाचा. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी क्रूसाखेरीज कुठलंच चिन्ह वापरलं नाही. वर पुरावा म्हणून बायबलातल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं ५:२२ हे वचन. आणि शेवटी, दहा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल.

आधी सोपं ते घेते. वर्तुळात एक उभी रेघ आणि खाली दोन तिरप्या रेघा, या चिन्हाचा नीरोशी काडीचाही संबंध नाही. जेराल्ड हॉल्टम नावाच्या इंग्रज चित्रकाराने ते १९५८ साली अण्वस्त्रांविरुद्धच्या मोर्चासाठी काढलं. दोन हातांत झेंडे धरून अक्षरं दाखवायची जी पद्धत आहे, तिच्यातल्या 'एन' आणि 'डी' या खुणा एकावर एक ठेवल्या की ही आकृती होते. न्यूक्लिअर डिसआर्मामेंटची ती आद्याक्षरं. मोर्चा लंडनहून ऑल्डरमास्टनला निघाला तो उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला. फलकांचे रंगही चर्चच्या रंगांसारखे बदलायचे ठरले होते: शुक्रवारी-शनिवारी काळा-पांढरा, पुनरुत्थानाच्या रविवारी हिरवा-पांढरा. मोडक्या क्रूसाची गोष्ट पुढे अमेरिकेत, युद्धाला विरोध करणाऱ्या पोरांना बदनाम करायला पसरवली गेली. ती आता इतक्या वर्षांनी अंबडच्या आणि परतूरच्या पोरांच्या टी-शर्टवर येऊन आदळते आहे.

पहिल्या ख्रिस्ती लोकांचा मुद्दा तर उलटाच आहे. क्रूस हे रोमी सरकारचं माणूस मारायचं साधन होतं. आज कुणी सोन्याचा फास करून गळ्यात मिरवावा, तसं ते दिसलं असतं. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर एका भिंतीवर खरडलेलं जुनं चित्र आहे. क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, आणि खाली लिहिलंय की आलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. म्हणजे क्रूसाच्या अगदी जुन्या चित्रांपैकी हे एक, आणि तेही टिंगल करणाऱ्याने काढलेलं. ख्रिस्ती लोक तेव्हा मासा, जहाजाचा नांगर, मेंढपाळ अशी चित्रं काढत. अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट इ. स. २०० च्या सुमारास अंगठीवरच्या शिक्क्यांबद्दल लिहितो, तेव्हा कबूतर, मासा, जहाज, वीणेसारखं वाद्य नि नांगर चालेल म्हणतो. आणि स्वतःच सांगतो की ते वाद्य पॉलिक्रेटीस वापरायचा, नांगर सेल्यूकसच्या शिक्क्यावर होता. दोघेही ख्रिस्ताच्या आधीचे, परधर्मी. मग नाही कशाला म्हणतो? मूर्तींच्या चेहऱ्यांना, तलवार-धनुष्याला नि दारूच्या प्याल्यांना. चिन्ह आधी कुणाचं होतं, यावर तो अडत नाही. घालणाऱ्याच्या बोटावर ते काय बोलणार, हे तो बघतो.

आता मंगळसूत्र. आपल्याकडच्या सराफाला 'क्रूसाचं मंगळसूत्र दाखवा' म्हटलं की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. दोन पदरी काळे मणी, वाट्यांच्या जागी क्रूस, आणि क्रूसाच्या दोन्ही हातांना एकेक कडी, म्हणजे तो छातीवर उलटत नाही. एका कडीचा घेतला तर सारखा फिरतो, बायका परत करतात. लग्नात पाळक त्यावर प्रार्थना करतात आणि मग ते गळ्यात पडतं. ते बघून एसटीत शेजारी बसलेल्या बाईला दोन गोष्टी कळतात: ही लग्नाची आहे, आणि ही ख्रिस्ती आहे. तिसरं काही, कुठली देवता वगैरे, त्यात तिला दिसत नाही.

मुळात परधर्मी म्हणून काढायचं असेल तर लग्नाची अंगठी आधी काढा. ती रोमी लोकांची. साखरपुड्याची अंगठी ही रोमी चाल आहे, हे टर्टुलियन या जुन्या ख्रिस्ती लेखकाच्या लिखाणातही दिसतं. पण अंगठीवर कुणी मेसेज काढत नाही. केरळातले सुरियानी ख्रिस्ती लग्नात मिन्नू बांधतात, पानाच्या आकाराचं सोन्याचं पदक, त्यावर मण्यांचा क्रूस. त्यांना विश्वासात कच्चं म्हणायची हिंमत या मेसेजवाल्यांत आहे का? आपल्या जालन्याजवळ बेथेल वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेला गेले ते डोक्याला पागोटं बांधून. साहेबाचं ते आपोआप शुद्ध आणि इथल्या मातीतलं ते बाटलेलं, असा हा हिशोब आहे. त्यातही झडती फक्त बायकांचीच. (जोडव्यांचं वेगळं सांगत नाही, तोच न्याय.)

यात एक गोष्ट मात्र मी मानते. काळ्या मण्यांनी नजर लागत नाही, अशी समजूत आपल्याकडे आहेच. नुकतीच विश्वासात आलेली एखादी बाई त्याच भीतीतून बाहेर पडत असेल आणि तिला ते मणी टोचत असतील, तर तिने ते खुशाल काढावेत. तिच्या शेजारी बसताना मीही विचार करीन. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल हेच सांगतो. बाजारात विकतं ते मांस चौकशी न करता खा. पण कुणी म्हणालं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर त्या माणसासाठी खाऊ नका. इथे समोर एक माणूस असावा लागतो. ग्रुपवरून चारशे बायकांना हुकूम सोडणं, हे ते नव्हे.

५:२२ मध्ये वाईटापासून दूर राहा असं आहे, खरं. पण मेसेजवाल्याने आधीची ओळ कापली. 'सर्व गोष्टींची पारख करा. चांगले ते बळकट धरा' ही ती ओळ, आणि तिथे विषय संदेशांचा चाललाय, दागिन्यांचा नाही.

उलट्या क्रूसाचं अर्धं खरं आहे. येशूचा शिष्य पेत्र याने स्वतःला क्रूसावर उलटं टांगून घेतलं अशी जुनी परंपरा आहे, त्यावरून ते त्याचं चिन्ह झालं. मार्च २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे इस्राएलमध्ये बसले त्या खुर्चीवर तो होता, आणि त्या फोटोवरूनही 'ख्रिस्तविरोधी' म्हणून ओरड झाली. पण आज काळ्या टी-शर्टवर कवटीशेजारी तो छापलेला असेल, तर बघणाऱ्याला पेत्र आठवणार नाही. असा टी-शर्ट पोराला घेऊन न देणाऱ्या आईशी माझं भांडण नाही. जर्मनीच्या नाझींचा बिल्ला फॅशन म्हणून लावणाऱ्याला तर मी तोंडावर सांगेन, कारण त्या खुणेखाली मेलेल्यांचे नातलग अजून आहेत. या बिल्ल्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही.

राहिला दहा जणांचा आशीर्वाद. पाठवलं तर लाभ, नाही पाठवलं तर तोटा, हे गंडेदोऱ्याचंच गणित आहे, आणि ते ज्या मेसेजात आहे तो आपल्याला काळे मणी काढायला सांगतोय.