‘कुणालाच खटकत नव्हतं’ म्हणजे नेमकं कुणाला?

आषाढी जवळ आली की एक मजकूर फोनवर फिरायला लागतो. त्याचं सार असं : जुन्या धर्माचारातल्या जातिभेदाला आजची फूटपट्टी लावू नका. तेव्हाची मूल्यंच वेगळी होती, कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. जात म्हणजे कामाची वाटणी, उच्चनीचता इंग्रजांनी आणली. आणि शेवटी ठेवणीतला टोला : तुम्ही तेव्हा जन्मला असतात तर तुम्हीही तेच केलं असतं.

सगळंच पोकळ असतं तर उत्तर देत बसलो नसतो. ज्ञानेश्वरांनी वर्णव्यवस्था मोडून का काढली नाही, असा जाब त्यांना विचारणं मलाही पोरकट वाटतं. 1290 सालच्या माणसाकडून 1950 च्या संविधानाचं, अस्पृश्यता संपवणारं सतरावं कलम मागायचं नसतं. पण या मजकुराला एवढंच म्हणायचं नाही. त्याचा सगळा भार एका शब्दावर आहे : ‘कुणालाच’.

त्या ‘कुणालाच’मध्ये चोखोबांचं घर मोजलंय का? चोखामेळा, बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. या एका महार कुटुंबातल्या पाचही जणांच्या नावावर अभंग आहेत आणि त्यांचा सूर एक नाही. चोखोबांच्या एका अभंगात हा जन्म पूर्वीच्या कृष्णनिंदेचं फळ म्हणून स्वीकारलेला दिसतो. कीर्तनात तो आवडीने घेतात, कारण ऐकणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही. सोयराबाई मात्र विटाळाच्या कल्पनेलाच हात घालते : ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’. देह आहे तिथे विटाळ आहेच, मग सोवळा कोण राहिला, असा तिचा सरळ हिशोब. आणि मुलगा? तो थेट विठ्ठलालाच धरतो : ‘आमुची केली हीन याती, तुज कां न कळे श्रीपती’. उष्टं खाण्यात आमचा जन्म गेला, तुला लाज कशी वाटत नाही, असंही पुढे सुनावतो. बापाने कर्मफळ म्हणून जे पत्करलं, त्याचा जाब मुलगा देवाकडे मागतोय. ही फूटपट्टी चौदाव्या शतकातली आहे. आम्ही ती नंतर आणलेली नाही.

बरं, हे सोसणाऱ्यांचं झालं. बाकीच्यांचं काय? ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात वेदाविषयी म्हटलंय की तो संपन्न खरा, ‘परी कृपणु ऐसा आनु नाहीं’, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. स्त्रिया आणि शूद्र बाहेर राहिले, ती उणीव भरून काढायला गीता आली, अशी तिथली मांडणी आहे. वेदाला कंजूष म्हणणाऱ्याला काहीच खटकत नव्हतं म्हणता? सतराव्या शतकातल्या बहिणाबाई तर जन्माने ब्राह्मण. त्यांनी कुणबी तुकोबांना गुरू मानलं, त्यापायी नवऱ्याचा राग सोसला. जन्मावरून ब्राह्मण ठरवण्याला आव्हान देणाऱ्या ‘वज्रसूची’ या जुन्या संस्कृत ग्रंथातला वादही त्यांनी मराठी अभंगांत आणला : ब्राह्मण म्हणजे जीव, देह, जात की आणखी काही? त्याच नावाचं वज्रसूचिका उपनिषदही आहे. म्हणजे हा प्रश्न परंपरेच्या घरातलाच.

‘कामाची वाटणी’ या मुद्द्याला तर चोखोबांचा मृत्यूच उत्तर देतो. 1338 मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळून ते गेले. ज्या कुसाबाहेर राहायचं, तेच रचताना. काम वाटून घेतलं असतं तर कुसाच्या आत घरही मिळालं असतं. बाबासाहेबांनी 1936 मध्ये हेच नेमक्या शब्दांत मांडलं होतं : ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. नामदेवांनी चोखोबांच्या अस्थी पंढरपुराला आणल्या असं परंपरा सांगते. समाधी झाली ती महाद्वारासमोर, बाहेरच. देवळात दलितांना जाता यावं म्हणून साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं ते 1 मे 1947 ला. 10 मे ला ते सुटलं. मधल्या सहाशे नऊ वर्षांत किती आषाढ्या झाल्या ते मोजा.

इंग्रजांचा मुद्दा लवकर संपतो. त्यांच्या जनगणनांनी जातींच्या चौकटी आणखी घट्ट केल्या, हे खरं. पण ईस्ट इंडिया कंपनी 1600 मध्ये निघाली. तोवर चोखोबांना जाऊन अडीचशेहून अधिक वर्षं झाली होती.

आणखी एक गंमत. हाच मजकूर पाठवणारे एकादशीला ‘आमच्या संतांनी जगाला समता शिकवली’ हेही पाठवतात. कौतुक करताना आजची फूटपट्टी चालते, फक्त दोष मोजताना ती ‘आजची’ ठरते.

राहिला शेवटचा टोला. मी तेव्हा असतो तर तेच केलं असतं? शक्य आहे. बहुधा केलंच असतं. त्यावरून माझ्या हिमतीविषयी काही कळेल, त्या वागण्याच्या बरोबर-चुकीविषयी नाही. पण या वाक्यात एक गोष्ट सहज गृहीत धरलेली असते. ते लिहिणारा चौदाव्या शतकात स्वतःला उभा करतो तो नेहमी महाद्वाराच्या आतल्या बाजूला, कुणाला आत घ्यायचं नि कुणाला नाही हे ठरवणाऱ्यांत. मंगळवेढ्याच्या महारवाड्यात, कर्ममेळ्याच्या शेजारच्या घरात आपण जन्मलो असतो, असं त्याच्या मनातही येत नाही.