पद्मिनी परहस्ते

ज्या शर्यतीत आपली गाडी आपण चालवायची नसते, ती धावते तिथे आपण हजर नसतो आणि निकालही दुसऱ्याने कळवल्यावरच आपल्याला समजतो, अशा शर्यतीसाठी रात्री जागवणाऱ्या लोकांचा एक पंथ उत्तर अमेरिकेत गुण्यागोविंदाने नांदतो आहे. या प्रकाराला प्रॉक्सी रेसिंग म्हणतात. तळहातावर मावेल अशी विजेवर चालणारी स्लॉट कार घरी बनवायची आणि टपालाने आयोजकाकडे धाडायची. मग सगळ्यांच्या गाड्या भरलेले एक मोठे खोके या गावच्या क्लबातून त्या गावच्या क्लबात फिरत राहते आणि ठिकठिकाणचे चालक त्या परक्या गाड्या आपल्या ट्रॅकवर पळवून फेऱ्यांची नोंद करतात. मी टोरंटोजवळ मिसिसॉगाला राहतो, घराला तळघर आहे आणि हिवाळा संपता संपत नाही. या पंथाची दीक्षा घेण्यासाठी याहून अधिक पात्रता लागत नाही.

स्लॉट कारला स्टिअरिंग नसते. ट्रॅकमध्ये एक खाच असते, खाचेच्या दोन्ही कडांना वीज वाहणाऱ्या पट्ट्या असतात आणि गाडीच्या नाकाखालची गाइड नावाची जीभ त्या खाचेत उतरलेली असते. चालकाच्या हातात फक्त कंट्रोलरचा ट्रिगर. तो जितका दाबावा तितकी बारा व्होल्टांपर्यंतची वीज मोटरला मिळते. फ्रेड फ्रान्सिस या इंग्रज गृहस्थांनी १९५७ साली हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात स्केलेक्स्ट्रिक हा स्लॉट कारचा संच मांडला, तेव्हापासून बघणाऱ्याला हा खेळ फार सोपा वाटत आला आहे. दुकानातल्या तयार गाड्यांच्या पोटात चुंबक असते, ते ट्रॅकच्या लोखंडी पट्ट्यांना धरून ठेवते आणि वळणावर चालकाची अब्रू राखते. प्रॉक्सीवाल्यांना ही कृपा मान्य नाही. त्यांचे बरेचसे ट्रॅक लाकडी फळ्यांत खाच कोरून आणि कडांना तांब्याची पट्टी चिकटवून केलेले असतात, आणि तांब्याला चुंबकाबद्दल कसलीही आपुलकी नसल्यामुळे गाडी खाचेत टिकवण्याची जबाबदारी वजन, टायर आणि बनवणाऱ्याची पुण्याई यांच्यावर येऊन पडते.

यंदाची स्पर्धा १९६० च्या दशकातल्या सलून गाड्यांची होती. प्रमाण एकास बत्तीस, चाके बॉडीच्या बाहेर डोकावता कामा नयेत, आत डोके, खांदे आणि हात असलेला चालक बसलेला दिसला पाहिजे, आणि मूळ गाडी कधीतरी कुठेतरी शर्यतीत धावलेली असली पाहिजे. शहाण्या लोकांनी मिनी कूपर, लोटस कॉर्टिना, आल्फा जुलिया अशा गाड्या निवडल्या. मी फियाट ११०० निवडली, म्हणजे तीच, जिचा ११०० डी हा अवतार १९६४ पासून प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागला आणि पुढे पद्मिनी या नावाने मुंबईच्या रस्त्यांवर राज्य करता झाला. पुरावा म्हणून, इटलीच्या मिल्ले मिल्या शर्यतीत ११०० धावल्याचे आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर आपल्याकडच्या फियाटी एकमेकींशी झुंजल्याचे आयोजकांना कळवले. रंगाबाबत नियम गप्प होते. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली आणि ते पर्व मिटले, तेव्हा निदान माझ्या तळघरातून तरी एक काळीपिवळी निघावी, असे मी ठरवून टाकले.

आता या गाडीची मापे पाहावीत. खरी पद्मिनी सुमारे ३.९ मीटर लांब, १.४६ मीटर रुंद आणि जवळजवळ तेवढीच उंच. बत्तीसने भागल्यावर लांबी बारा सेंटिमीटरांच्या वर जाते, पण रुंदी साडेचार सेंटिमीटरांच्या आसपासच राहते आणि उंचीही तीच. वळणावर गाडी उलटते की घसरते, हे चाकांमधले अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरते, आणि त्या गुणोत्तराच्या दृष्टीने पद्मिनी हे चाके लावलेले कपाट आहे. म्हणून छत शक्य तितके हलके करणे भाग होते, आणि त्यासाठी बॉडी पातळ पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यातून निर्वात पद्धतीने ओढायची होती. लाकडाचा ठोकळा कोरून साचा करायचा, पत्रा चौकटीत ताणून ओव्हनमध्ये मऊ करायचा, तो लोंबू लागताच झटकन साच्यावर दाबायचा आणि खालच्या छिद्रांच्या पेटीला जोडलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने मधली हवा खेचून घ्यायची, इतकी सरळ ही कृती आहे. तिच्यासाठी घरातला ओव्हन आणि घरातलाच व्हॅक्यूम क्लीनर एकाच वेळी लागतात, एवढीच अडचण.

“अहो, ओव्हनमध्ये काय ठेवलं आहे?” हिने वरून विचारले.

“टॅक्सी.”

यानंतर बराच वेळ वरून काहीच आवाज आला नाही, आणि व्हॅक्यूम क्लीनर चालू असल्यामुळे आला असता तरी मला ऐकू येण्याची शक्यता नव्हती.

अशी बॉडी आतून रंगवतात. त्यामुळे बाहेरून सर्वांत वर दिसायचे ते सर्वांत आधी रंगवावे लागते: प्रथम दारांच्या फटी आणि नंबराची पाटी, मग पिवळे छत आणि शेवटी काळा. काचांच्या जागा चिकटपट्टीने झाकून ठेवायच्या. चालकाला खाकी गणवेश दिला आणि गुरुत्वमध्य खाली राहावा म्हणून त्याचे डोके आतून पोखरून पोकळ केले.

त्या सुमारास माझे सासरे अण्णा दादरहून काही महिन्यांसाठी लेकीकडे आले होते. त्यांनी स्वतः वर्षानुवर्षे पद्मिनी चालवलेली असल्यामुळे या विषयावर त्यांचा शब्द अखेरचा होता. “जावईबापू, गिअरचा दांडा खाली कसा? तो स्टिअरिंगला असायचा,” असे म्हणून त्यांनी तपासणी सुरू केली. मग छतावर सामानाचे कॅरिअर नाही, हे त्यांच्या ध्यानात आले; डाव्या बाजूला बाहेर मीटर नाही, हेही आले. कॅरिअर म्हणजे ऐन छतावर दोन ग्रॅम तार, आणि एकूण गाडीच नव्वद ग्रॅमची, हे मी त्यांना आकृती काढून समजावले. त्यांनी आकृती शांतपणे पाहिली आणि कॅरिअरशिवाय व्हीटीला कुणी उभे करत नसे, असे सांगितले. तार डागून कॅरिअर तयार झाले. मीटरही लागले.

बॉडीचे स्क्रू मी मुद्दाम थोडे सैल ठेवले होते, कारण बॉडी चासीवर किंचित हलती राहिली की ट्रॅकचे धक्के मधल्यामध्ये जिरतात. अण्णांनी गाडी कानाशी नेऊन हलवली.

“खुळखुळते आहे.”

“मुद्दाम ठेवलं आहे तसं.”

“मग अगदी बरोबर आहे,” ते म्हणाले, “आमचीही खुळखुळायची.”

चासी पितळेची, मोटर लांबीच्या दिशेने बसवलेली, तिच्या टोकाच्या पिनियन नावाच्या छोट्या दातेरी चाकाला नऊ दाते आणि मागच्या आसावरच्या क्राउन गिअर नावाच्या मोठ्याला सत्तावीस. मिनिटाला अठरा हजार फेऱ्यांची मोटर आणि अठरा मिलिमीटर व्यासाची चाके धरली, तर कागदावर वेग ताशी वीस किलोमीटर येतो, म्हणजे प्रमाणाने ताशी साडेसहाशे. कुर्ल्याच्या कारखान्यात ही अपेक्षा कुणी ठेवली नसावी.

पण या उद्योगातली खरी परीक्षा वेगाची नाही. आपल्या तळघरात, आपल्या ट्रॅकवर, आपल्या बोटाच्या सवयीने कोणतीही गाडी देखणी पळते. प्रॉक्सीची गाडी मात्र अशा माणसासाठी बनवायची असते, ज्याला आपण कधी पाहिलेले नाही, ज्याला तिची ओळख करून घ्यायला एक-दोन फेऱ्या मिळतात आणि मग लगेच तिच्या प्रत्येक मार्गिकेवरच्या फेऱ्या मोजल्या जातात. त्याचे बोट हलके असेल की जड, त्याने सकाळी कॉफी घेतली असेल की नाही, यांतले काहीच आपल्या हाती नसते. म्हणून अशा स्पर्धा सहसा वेगवान गाड्या जिंकत नाहीत. सोशिक गाड्या जिंकतात, ज्या चुकीच्या वेळी ट्रिगर दाबला गेला तरी नुसती शेपटी हलवून सांभाळून घेतात. मोटर सौम्य निवडायची, शिसे गाइडच्या मागे आणि दारांच्या खाली पसरायचे, टायर सँडपेपरवर फिरवून गोल करायचे. त्यातही उंच आणि अरुंद गाडीला पकड जास्त झाली की ती घसरायचे सोडून सरळ कलंडते. त्यामुळे इतर लोक पकड वाढवण्यासाठी टायर जपत असताना, मी चांगले टायर निगुतीने बिघडवत बसलो होतो. कडा गोलाई देऊन घासल्या आणि रबर मुद्दाम कडक निवडले.

गाडीसोबत चालकांसाठी एक चिठ्ठी घालण्याची पद्धत आहे. तेल कुठे द्यावे, गाइडजवळच्या वीज घेणाऱ्या पट्ट्या किती पसरून ठेवाव्यात, एवढेच तिच्यात अपेक्षित असते. माझ्या पहिल्या मसुद्यात वळणांविषयी, संयमाविषयी आणि उंच गाड्यांच्या स्वभावाविषयी बरेच काही आले होते. हिने तो वाचून, ही चिठ्ठी आहे की वसतिगृहाच्या अधीक्षकांना पालकांनी लिहिलेले पत्र, असे विचारले, तेव्हा तो तीन ओळींवर आणला. सीमेपलीकडे जायचे म्हणून कस्टमचा अर्जही भरावा लागला. वस्तूचे वर्णन: खेळण्यातील मोटार, वापरलेली. मूल्याच्या रकान्यापाशी मात्र मी अडखळलो. बाजारात तिला कुणी काही दिले नसते, आणि तिच्यावर गेलेल्या हिवाळ्याला अर्जात रकाना नव्हता. शेवटी जी किरकोळ रक्कम लिहिली, तिच्या काही पट टपाल पडले.

मग निकाल येऊ लागले. पहिल्या क्लबाचा लाकडी ट्रॅक साधारण धुळकट होता. तिथे पद्मिनी शांतपणे घसरत, लाज राखत मध्यावर आली. नंतरचा ट्रॅक व्यावसायिक होता, जिथे पकडीसाठी पृष्ठभागावर चिकट द्रव फवारतात. तिथे माझ्या बिघडवलेल्या टायरांनाही इतकी पकड मिळाली की गाडी जवळजवळ प्रत्येक वळणावर कलंडली आणि पडलेल्या गाड्या उचलून पुन्हा खाचेत बसवायला मार्शल म्हणून उभ्या असलेल्या माणसांना व्यायाम घडला. त्या क्लबाच्या शेऱ्यांत एका चालकाने लिहिले होते की गाडी गोड आहे, पण उजवीकडे वळायला नकार देते. याला शास्त्रीय कारण आहे: लांबीच्या दिशेने बसवलेली मोटर फिरताना चासीला एका अंगाला पीळ देते, म्हणून डावे आणि उजवे वळण तिला सारखे नसते. अण्णांना या कारणाची गरज पडली नाही. नकार देणारी टॅक्सी ऐकून त्यांना घरची आठवण आली आणि त्या संध्याकाळी ते फार प्रसन्न होते. सजावटीच्या मतदानात मात्र पद्मिनी बरीच वर गेली, जरी एका परीक्षकाने ही कोणत्या संघाची रंगसंगती, असे विचारले होते.

खोके सगळीकडे फिरून परत आले तेव्हा कॅरिअर वाकले होते, एक दिवा गेला होता आणि कुठल्याशा क्लबात तुटलेले मीटर तिथल्याच सज्जन माणसाने पुन्हा चिकटवून दिले होते. अण्णांनी भिंग घेऊन पाहिले.

“याने झेंडा खाली करून चिकटवला आहे. म्हणजे भाडं चालू. एकूण किती धावली असेल?”

सगळ्या ट्रॅकवरच्या फेऱ्यांची लांबी धरून मी दहाएक किलोमीटर सांगितले. २०२५ च्या फेब्रुवारीपासून मुंबईत पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये पडतात, हे त्यांना तोंडपाठ होते. पुढचा हिशेब त्यांनी बोटांवर केला आणि दोनशेच्या थोडे वर आकडा काढला.

“आणि टपाल किती लागलं म्हणालात?”

मी आकडा सांगितला. त्यांनी तो मनातल्या मनात रुपयांत बदलला, गाडी टेबलावर ठेवली आणि मला विचारले, “परतीचं धरून ना?”