अ‍ॅस्पिरिनचा ४४ टक्केवाला फॉरवर्ड: आकडे बरोबर, अर्थ गंडलेला

फॅमिली ग्रुपवर परत तेच फिरतंय: "चाळिशीनंतर रोज एक अ‍ॅस्पिरिन घ्या, अमेरिकेत २२ हजार लोकांवर सिद्ध झालंय, हार्ट अटॅक ४४ टक्के कमी, पी व्हॅल्यू ०.००००१ पेक्षा कमी, ब्रेन हॅमरेजचा फरक सिग्निफिकंट नाही म्हणजे साइड इफेक्ट शून्य." गंमत अशी की आकडे खरे आहेत.

आधी "४४ टक्के". अभ्यास म्हणजे फिजिशियन्स हेल्थ स्टडी, निकाल १९८८-८९ चे. अ‍ॅस्पिरिनवाले ११,०३७, त्यात १३९ अटॅक. नुसती दिसायला सारखी गोळी घेणारे ११,०३४, त्यात २३९. म्हणजे १.२६ टक्के आणि २.१७ टक्के. एकाला दुसऱ्याने भागलं की साधारण ४२ टक्के घट येते (अभ्यासाने वय वगैरे धरून ४४ काढली), पण वजाबाकी केली तर फरक ०.९ टक्के, म्हणजे साधारण ११० जणांनी पाच वर्षं गोळी घेतली तर एकाचा अटॅक टळला. दोन्ही हिशोब बरोबरच, फॉरवर्डवाल्याला मोठा आकडा आवडला इतकंच. आणि "रोज" कुठून आलं देव जाणे, तिथे एक दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम होती.

मग पी व्हॅल्यू, म्हणजे गोळीचा काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. दोन प्रमाणांची टेस्ट मी स्वतः करून बघितली: दोन्ही गट एकत्र धरून अटॅकचं प्रमाण १.७१ टक्के, त्यावरून स्टँडर्ड एरर (योगायोगाने फरक साधारण किती हलू शकतो ते) ०.१७५ टक्के, फरक ०.९०७, भागाकार केला की झेड, म्हणजे फरक त्या हलण्याच्या किती पट ते, ५.२ च्या आसपास; म्हणून पी व्हॅल्यू इतकी छोटी. गोळीने काहीच फरक पडत नसता तर नुसत्या योगायोगाने एवढी तफावत दिसणं जवळपास अशक्य, एवढंच ती टेस्ट सांगते. "गोळी ९९.९९९ टक्के लोकांवर चालते" असं नाही सांगत हो! फरक मोठा की छोटा हेही त्यातून कळत नाही, २२ हजार माणसं घेतली की छोटा फरकही ठळक दिसतो.

आता हॅमरेज, इथे खरा घोळ आहे. अ‍ॅस्पिरिन गटात मेंदूत रक्तस्राव होऊन स्ट्रोक आलेले २३, दुसऱ्या गटात १२. पी व्हॅल्यू ०.०६, नेहमीच्या ०.०५ या मर्यादेच्या जरा वर, म्हणून "सिग्निफिकंट नाही". पण धोका जवळपास दुप्पट दिसतोय की! कॉन्फिडन्स इंटर्व्हल (धोका खरा किती पट असू शकतो त्याचा अंदाजे पल्ला) ०.९६ ते ४.७७, म्हणजे धोका वाढला नसेलही किंवा पावणेपाचपट झाला असेल, दोन्ही शक्य. ३५ केसेसमध्ये टेस्टला जोरच नसतो, आणि पुरावा कमी पडला म्हणजे धोका नाही असं कुठे असतं? हृदयरोग नि स्ट्रोकने झालेले मृत्यू बघाल तर ८१ आणि ८३, जवळपास सारखेच, ते फॉरवर्डमध्ये नाहीत अर्थात.

"२२ हजार लोक" म्हणजे कोण, तर सगळे पुरुष, सगळे अमेरिकन डॉक्टर, वय ४० ते ८४, आधी अटॅक न आलेले. फायदाही पन्नाशीपुढच्यांतच दिसला. बायकांबद्दल त्यातून काही कळत नाही. २०१८ मध्ये अ‍ॅस्प्री नावाच्या ट्रायलमध्ये १९ हजारांवर निरोगी वयस्कर लोकांना रोज १०० मिलिग्रॅम दिली, हृदयाला म्हणावा असा फायदा झाला नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले.

अटॅक येऊन गेलेल्यांनी किंवा स्टेंट टाकलेल्यांनी हे वाचून गोळी बंद करू नका बरं का, तिथे हिशोब पूर्ण वेगळा आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.