एका दिवसाच्या उपासाने पाप फिटत नाही, आणि ज्यू धर्म तसं म्हणतही नाही

योम किप्पूर, म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्यू लोक वर्षभर हवं ते करतात आणि या एका दिवशी उपाशी राहिले की त्यांची पापं धुतली जातात. आदल्या संध्याकाळी ‘कोल निद्रे’ नावाची प्रार्थना म्हणून ते पुढच्या वर्षाची सगळी वचनं आधीच रद्द करून टाकतात, म्हणून त्यांच्या शब्दाला किंमत नाही. त्या दिवशी आजाऱ्यालाही पाण्याचा थेंब देत नाहीत. आणि सुतक असल्यासारखा दिवसभर शोक करतात.

हा मजकूर पुढे पाठवण्याआधी एवढं वाचा.

उपास कडक असतो, हे खरं. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या ९ तारखेला सूर्य मावळण्याआधी तो सुरू होतो आणि १० तारखेच्या रात्री तारे दिसल्यावर सुटतो. साधारण २५ तास अन्न नाही, पाणीही नाही. अंघोळ, तेल-अत्तर, चामड्याची पादत्राणं आणि शरीरसंबंध हेही वर्ज्य. पण एवढं पाळलं की सुटलो, असं त्यांच्याच धर्मशास्त्रात नाही. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाच्या ‘योमा’ प्रकरणात हा प्रश्न सरळ घेतला आहे. ‘पाप करीन, योम किप्पूरने ते फिटेल’ असं जो म्हणतो, त्याचं पाप योम किप्पूरने फिटत नाही. माणसाने देवाचा अपराध केला असेल तर हा दिवस कामी येतो. माणसाने माणसाचा केला असेल, तर त्या माणसाची समजूत काढेपर्यंत हा दिवस काहीही करू शकत नाही.

म्हणून खरं काम उपासाच्या आधी होतं. ज्याला दुखावलं त्याच्याकडे स्वतः जायचं, ज्याचं घेतलं त्याचं परत करायचं, मग क्षमा मागायची. त्याने नाही म्हटलं तर पुन्हा जायचं, निदान तीन वेळा. तो माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि तिथे आपला अपराध बोलून दाखवायचा. बाराव्या शतकातले धर्मशास्त्रकार मैमोनिदिस दुसऱ्या बाजूलाही बजावतात: कोणी मनापासून क्षमा मागत असेल, तर कठोर होऊन ती नाकारू नये. यात स्वस्तात सुटका कुठे आहे? देवळात दिवसभर उभं राहण्यापेक्षा, ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात पाच मिनिटं उभं राहणं मला तरी जास्त अवघड वाटतं.

प्रार्थनेतही हीच दिशा दिसते. सकाळी बायबलमधल्या यशाया या संदेष्ट्याचा ५८ वा अध्याय वाचतात. उपास करता करता मजुरांना पिळणाऱ्यांवर तो संदेष्टा संतापतो आणि भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या म्हणतो. दुपारी योनाचं पुस्तक वाचतात. त्यात योना संदेष्ट्याचा इशारा ऐकून निनवे शहराच्या लोकांनी पश्चात्तापाने उपास केला, गोणपाट नेसले. पण देवाने त्यांची कृत्यं पाहिली, गोणपाट आणि उपास नव्हे, हे मिश्नाने मुद्दाम अधोरेखित केलं आहे.

आता कोल निद्रे. हा आरमाईक या प्राचीन भाषेतला मजकूर सूर्यास्ताआधी म्हणतात. तो माणसाने स्वतःवर घातलेल्या बंधनांबद्दल आहे: देवाला बोललेले नवस, रागाच्या भरात घेतलेल्या शपथा. दुसऱ्याला दिलेला शब्द, व्यवहारातला करार, न्यायालयातली साक्ष यांना तो लागू होत नाही. असं असूनही १२४० मध्ये पॅरिसला ज्यू धर्मग्रंथांवर झालेल्या जाहीर वादात हाच आरोप पुढे आला. युरोपात अनेक ठिकाणी न्यायालयात ज्यूंना वेगळी, अपमानास्पद शपथ घ्यावी लागे, आणि त्यांच्या शपथेवर विश्वास नाही याचं कारण म्हणून कोल निद्रेकडे बोट दाखवलं जाई. १८४४ मध्ये ब्राउनश्वाइगला जमलेल्या जर्मन सुधारणावादी रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) तर ही प्रार्थनाच सोडून द्यावी असा ठराव केला. ज्या आरोपाने एका समाजाला इतकं सोसावं लागलं, तो आज मराठीत, आपल्या बोटांनी पुढे जातो, याचा मला राग येतो.

आजाऱ्याचा मुद्दा एका वाक्यात खोडता येतो, कारण मिश्नाच सांगते: आजाऱ्याला जाणकारांच्या सल्ल्याने खायला द्यावं, आणि जाणकार नसतील तर तो स्वतः ‘पुरे’ म्हणेपर्यंत द्यावं. जीव वाचवणं उपासाच्या वर आहे. लहान मुलांनाही उपास नसतो.

राहिलं सुतक. ज्यूंमध्ये जवळचं माणूस गेलं की सात दिवस ‘शिवा’ पाळतात, आणि मध्येच योम किप्पूर आला तर शिवा तिथेच संपते. शोकाचा दिवस शोक कसा संपवेल? मिश्ना याला वर्षातल्या दोन सर्वांत आनंदाच्या दिवसांत धरते. यरुशलेमच्या मुली त्या दिवशी पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचायला जात, आणि ते कपडे सगळ्यांनीच उसने घेतलेले असत, म्हणजे जिच्याकडे नाहीत तिला लाज वाटू नये. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायलही, पांढरे कपडे घालून, दारं लावून हा दिवस प्रार्थनेत घालवत. दुसऱ्या दिवशी त्यांचा ‘शिळा सण’ असे: गरिबांना दान द्यायचं आणि एकमेकांच्या घरी भेटीला जायचं.