नाव दुसऱ्यानं सुचवावं

दोन आठवडे झाले, माझ्या टेबलावर एक अर्धवट पत्र पडून आहे.

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात आमच्या घराजवळच्या चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी गरम जेवण मिळतं. कुणीही यावं, जेवून जावं. नावगाव कुणी विचारत नाही. डाळभाताचं पातेलं एका गुजराती काकूंचं. १९७२ मध्ये हुकूमशहा ईदी अमीननं युगांडातून हाकललेल्या कुटुंबांपैकी त्यांचं एक. वाढायला जवळच्या मशिदीतली तिघं-चौघं असतात आणि हॉलची किल्ली एका निवृत्त ख्रिस्ती शिक्षकाकडे. शेजारच्या एका बाईंनी या मंडळींचं नाव राजाच्या नावे दिल्या जाणाऱ्या स्वयंसेवा पुरस्कारासाठी सुचवलं आहे. सोबत दोन शिफारसपत्रं जोडावी लागतात. त्यातलं एक मी लिहायचं आहे.

हा पुरस्कार २००२ मध्ये, एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीला ५० वर्षं झाली तेव्हा सुरू झाला. व्यक्तीला जसा एमबीई हा ब्रिटिश किताब, तसा स्वयंसेवी गटाला हा मान. पैसे एक पौंडही नाहीत. प्रमाणपत्र आणि एक काचेचं स्मृतिचिन्ह. त्याचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. गटातल्या कुणालाही, मग तो स्वयंसेवक असो, पगारी कर्मचारी असो की विश्वस्त, आपल्या गटाचं नाव सुचवता येत नाही. ते बाहेरच्या माणसानंच सुचवायचं. मग जिल्ह्यातले राजाचे प्रतिनिधी येऊन काम बघून जातात. आपल्याकडे पद्म पुरस्कारासाठी माणूस स्वतःचं नावही पाठवू शकतो.

आपल्याकडेही सलोख्याच्या कामाला असा पुरस्कार हवा, असं मी घरच्या ग्रुपवर लिहिलं आणि तिकडून दोन मतं आली. माझ्या चुलतभावाचं, दादाचं, म्हणणं असं की सलोख्याच्या पुरस्कारांत नेहमी एकाच बाजूला झुकतं माप असतं, आणि सहन करणाऱ्यांनीच दर वेळी सद्भाव का दाखवायचा? आत्याचं म्हणणं, सणाच्या तोंडावर पोलीस ठाण्यात शांतता कमिटीची बैठक होते, तीच माणसं, तेच हार, तोच फोटो. त्यांनाच आणखी शाल-श्रीफळ कशाला? दोघांचं म्हणणं मी मनापासून ऐकलं, कारण आम्ही तिघंही मिरजेचे.

ज्या मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, जिथे दर्ग्याच्या आवारात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर वर्षी गाणं होतं, त्याच मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली. ती सांगली-इचलकरंजीपर्यंत गेली. संचारबंदी लागली, विसर्जन लांबलं. त्याआधी दोनच वर्षं, १५ ऑगस्ट २००७ ला, आमच्याच जिल्ह्यातल्या आर. आर. आबांनी, तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी, राज्यभर तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली होती. गावाच्या लोकसंख्येप्रमाणे बक्षीस. कल्पना चांगलीच होती. पण तंटा नसण्याला बक्षीस लावलं की तंटा दिसू न देण्याकडेही कल होतो, हेही खरं.

लेस्टरला आले तेव्हा वाटलं होतं, इथे हे मागे पडलं. २०२१ च्या जनगणनेत इथे ख्रिस्ती २४.७ टक्के, मुस्लिम २३.५ आणि हिंदू १७.९, म्हणजे कुणाचंच बहुमत नाही. सर्व धर्मांची परिषद १९८६ पासून आहे. तरी २०२२ मध्ये, २८ ऑगस्टच्या भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर वातावरण तापत गेलं आणि १७ सप्टेंबरला तोंडावर मास्क लावलेली पोरं रस्त्यावर उतरली. २० तारखेला हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांचे पुढारी मशिदीच्या पायऱ्यांवर एकत्र उभे राहिले आणि इस्कॉन मंदिराच्या अध्यक्षांनी संयुक्त निवेदन वाचलं. त्या वेळी तिथे उभं राहायलाही धैर्य लागतं. ते पाहून मला रडू आलं होतं. पण त्या मास्कवाल्या पोरांपैकी किती जण या पुढाऱ्यांना ओळखत होते?

त्या आठवड्यात गुरुवारी चर्चचा हॉल नेहमीसारखा उघडला. काकू आल्या, मशिदीतली मुलं आली. त्या दिवशी जेवणारे कमी होते आणि वाढणारे जास्त. पत्रात मला हेच लिहायचं आहे, पण त्या संध्याकाळी त्यातल्या प्रत्येकाला घरून निघताना काय वाटलं असेल ते सरकारी कागदावर कसं मांडावं, तिथेच अडते.

ब्रिटन आदर्श आहे असं मी म्हणत नाही. १९८७ पासून धर्माधर्मांतल्या संवादाचं काम करणारी इंटर फेथ नेटवर्क ही देशव्यापी संस्था सरकारनं अनुदान काढून घेतल्यामुळे २०२४ मध्ये बंद पडली. कारण काय, तर तिच्या विश्वस्तांमध्ये सरकारला नको असलेल्या एका मुस्लिम संघटनेचा सदस्य आला. मला हे अन्यायाचं वाटलं आणि अजूनही वाटतं.

आपल्याकडे याहून चांगली कल्पना कागदावर आहेच. दंगलीत दुसऱ्या समाजाच्या माणसाचा जीव किंवा घरदार वाचवणाऱ्यासाठी केंद्र सरकारचा कबीर पुरस्कार. त्यात भाषण नाही, परिषद नाही. केलेली एक कृती आहे. १ जुलै १९४६ ला अहमदाबादेत जमावाला अडवताना वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी हे दोन मित्र एकत्र मारले गेले. हेगिष्टे मराठी घरातले. अहमदाबादेत त्यांचं स्मारक आहे. महाराष्ट्रात किती शाळांतल्या मुलांना हे नाव माहीत आहे?

दादाच्या शंकेला माझं उत्तर आहे ते एवढंच: सलोख्याच्या पुरस्कारासाठी नाव दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यानंच सुचवावं. हिंदूचं मुसलमानानं, मुसलमानाचं हिंदूनं, ख्रिश्चनाचं बौद्धानं. मग झुकतं माप कोण देणार? आणि आत्याच्या फोटोतली माणसं आपोआप गळतील, कारण त्यांच्यासाठी पत्र लिहायला समोरचा शेजारी पुढे आला पाहिजे.

दादानं लगेच विचारलं, "तू कुणाचं नाव देशील?"

२००९ मध्ये माझा तानपुरा सतारमेकर गल्लीत दुरुस्तीला होता. कर्फ्यूच्या दुसऱ्या दिवशी घरचा फोन वाजला. दुकानदार चाचा बाबांना सांगत होते, "ताईंचा तानपुरा मी दुकानातून काढून घरात आणलाय, गादीत गुंडाळून ठेवलाय. दुकानाचं काही झालं तरी तो सुखरूप आहे." त्यांच्या स्वतःच्या सतारी दुकानातच होत्या.

आज रात्री लेस्टरचं पत्र पुरं करणार आहे. दुसरं, चाचांसाठीचं, मराठीत लिहीन. ते कुठे पाठवायचं हे दादाला विचारायचं आहे.