जुनी आरसी, नवी बॉडी: त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला पाच ग्रुपांवर आला. आधी इंदूरच्या रामबागेतल्या शेजाऱ्यांच्या, मग राजेंद्र नगरच्या, शेवटी तर बायकोच्या भिशीच्या ग्रुपवरूनही. मजकूर थोडक्यात असा: ‘आजोबांची फियाट किंवा अँबॅसिडर गंजली असेल तर बॉडी भंगारात द्या, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) मात्र जपून ठेवा. तसल्याच मॉडेलची चांगली बॉडी मिळवा आणि जुना चासी नंबर (सांगाड्यावर कोरलेला नंबर) तिच्यावर पंच करून घ्या. गाडीची ओळख आरसीवर असते. बॉडी म्हणजे स्पेअर पार्ट, राजेमहाराजेही बदलायचे. ५० वर्षं झाली की गाडी विंटेज, मग तिला कुठला नियम लागत नाही. इंग्लंडच्या कोर्टानंही हे मान्य केलंय.’ खाली हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’.

मी वकील नाही. पण वीस वर्षं जुन्या फियाटींच्या मागे हिंडतोय आणि या सल्ल्यानं हात पोळलेली माणसं पाहिली आहेत. त्यात मीही एक.

‘गाडीची ओळख आरसीवर असते.’

कायदा उलट बाजूनं बघतो. आरसी ही पत्र्यावर कोरलेल्या नंबराची नोंद आहे, आणि दोन्ही जुळलं नाही तर जाते ती आरसी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५५ (५): कागदपत्रं किंवा सांगितलेली माहिती खोटी निघाली, किंवा गाडीवरचा इंजिन नंबर वा चासी नंबर आरसीतल्यापेक्षा वेगळा निघाला, तर मालकाचं म्हणणं ऐकून घेऊन आरटीओनं नोंदणी रद्द करायची. त्याच कलमाची सुरुवात तर या फॉरवर्डसाठीच लिहिल्यासारखी आहे. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकानं १४ दिवसांत किंवा जमेल तितक्या लवकर कळवून आरसी जमा करायची. म्हणजे ‘बॉडी भंगारात, आरसी कपाटात’ इथेच चूक सुरू होते. नंबर पंच करणं फार पुढची गोष्ट.

आता माझं ऐका. सहा वर्षांपूर्वी एक १९६९ ची फियाट बघायला गेलो. रंग ताजा, क्रोम चकचकीत, आरसी खरी. बोनेट उघडून नंबराची जागा थिनरच्या बोळ्यानं पुसली, वर कागद धरून पेन्सिल घासली. पेन्सिल प्रिंट स्वच्छ उठला, आकडे आरसीशी जुळले, आकड्यांचं वळणही कंपनीचंच. मी तिथेच ५,००० रुपये हातावर ठेवले. घरी न्यायच्या आधी मिस्त्रीला दाखवायला घेऊन गेलो. त्यानं आकड्यांकडे पाहिलंही नाही, त्यांच्या भोवती बोट फिरवलं. पत्त्याच्या पानाएवढ्या चौकोनाचा बारीक कंगोरा लागत होता. खिशातून चुंबक काढून कडेला लावला, तो चिकटेना. खाली पुट्टी होती, खाचा बुजवायचा लेप. कुणीतरी जुन्या गाडीतून नंबराचा तुकडा कापून या गाडीवर वेल्ड केला होता. विकणारे गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, “नंबर तर ओरिजिनलच आहे ना!” नंबर होताच ओरिजिनल. गाडी दुसरी होती. पाच हजार बुडाले ते बुडालेच.

त्या दुसऱ्या गाडीचा स्वतःचाही नंबर असणार, तो कापून कुठे टाकला? ती चोरीची असली तर? वस्तू विक्री कायदा १९३० च्या कलम २७ चा रोख असा की विकणाऱ्याकडे जी मालकी नाही ती घेणाऱ्याला मिळत नाही, काही मोजके अपवाद सोडून. तुम्ही कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजलेले असोत, मूळ मालक उभा राहिला की गाडी त्याची. शिवाय अशी गाडी माहीत असून पुढे खपवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (४), म्हणजे जुनं ४२०: सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

‘बॉडी म्हणजे स्पेअर पार्ट, राजेमहाराजेही बदलायचे.’

यातला राजेमहाराजांचा भाग खरा आहे, आणि आपल्या इंदूरकरांना तो सगळ्यात आधी पटतो, कारण उदाहरण घरचं आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूसेनबर्ग मोटार आठवा. चासी आणि इंजिन अमेरिकेतलं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगनं चढवलेली, रंग नारिंगी आणि काळा. त्या काळात रोल्स-रॉईससारख्या कंपन्या चासी विकायच्या आणि बॉडी दुसराच कारखाना बांधायचा. त्यामुळे दहा वर्षांनी लिमोझिनची बॉडी उतरवून शिकारीची चढवली तरी नंबर असलेली चासी जागची हलत नसे. ओळख चासीची, बॉडी म्हणजे अंगरखा.

आजोबांच्या फियाटला असा अंगरखा नाही. फियाट ११००, जी पुढे पद्मिनी झाली, तिला वेगळी चासीच नाही. फरशी, खांब, छप्पर, इंजिनमागचा पत्रा असं सगळं एकमेकांना वेल्ड होऊन जो सांगाडा होतो, तीच चासी. अँबॅसिडरही मूळच्या मॉरिस ऑक्सफर्डसारखी त्याच घडणीची. नंबर त्या सांगाड्याच्याच पत्र्यावर. तेव्हा ‘बॉडी बदलली, चासी तीच ठेवली’ हे वाक्य फियाटच्या बाबतीत बोलताच येत नाही. बॉडी बदलली की गाडी बदलली.

जीप वेगळी. तिला खाली शिडीसारखी चासी असते, त्यामुळे महूच्या लष्करी लिलावातून आलेल्या जीपचा वरचा डबा बदलला तरी ओळख खालच्या लोखंडात राहते. तिथेही मोकळं रान नाहीच. कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळेनाशी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेलं कलम १८२-अ (४) अशा दर बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवतं. सलून गाडीचं छप्पर कापून ‘कन्व्हर्टिबल’ करून देणारे आपल्याकडे बरेच आहेत. त्यांच्या बिलावर हे कलम लिहिलेलं नसतं.

‘जुना नंबर पंच करून घ्या.’

गंजानं नंबर खरोखर खाल्ला असेल तर वाट एकच: आरटीओत अर्ज, तपासणी, लेखी परवानगी, मग पंच. आपल्याकडे म्हणजे नायता मुंडल्याच्या आरटीओत एक चक्कर. घरच्या घरी पंचाचा संच आणून ठोकायचं काम नाही.

घासून टाकलेला नंबर कायमचा जातो, असाही एक समज या सल्ल्यामागे आहे. पंच बसतो तेव्हा खोबणीखालचं लोखंडही दाबलं जातं आणि ते दाबलेपण वरचा थर घासला तरी खाली उरतं. प्रयोगशाळेत तो भाग गुळगुळीत करून त्यावर आम्लाचं मिश्रण फिरवतात. दाबलेलं आणि न दाबलेलं लोखंड आम्लाला वेगवेगळ्या वेगानं प्रतिसाद देतं, आणि थोड्या वेळात जुने आकडे धूसर का होईना उमटू लागतात. मध्य प्रदेशची राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळा सागरला आहे. तिथे असली कामं नवी नाहीत.

‘५० वर्षं झाली की कुठला नियम लागत नाही.’

उलट जास्त लागतात. जुलै २०२१ च्या अधिसूचनेनं केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेजचा वेगळा भाग आला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, हे खरं. पण पुढची अट फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं वाचलीच नसावी: गाडी मूळ रूपात राखलेली हवी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार करणारं मोठं काम झालेलं नको. ज्या दारातून तुम्हाला आत जायचंय, त्याच दारावर ‘बॉडी बदललेल्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी आहे. गाडी तपासायला समिती असते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ‘व्हीए’ मालिकेचा नंबर, मुदत दहा वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आणि एवढं करून ती रोज भाजी आणायला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, असल्याच कामांना.

‘इंग्लंडच्या कोर्टानंही मान्य केलंय.’

हा रोख बहुधा ‘ओल्ड नंबर वन’ बेंटलीच्या खटल्याकडे आहे. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकलेली गाडी. पुढे तिची इतकी मोडतोड आणि बांधणी झाली की १९२९ चं तिच्यात जवळपास काहीच उरलं नव्हतं. एक कोटी पौंडांचा सौदा ठरल्यावर घेणाऱ्यानं ‘ही ती गाडीच नव्हे’ म्हणून हात वर केले. १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयानं विकणाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला, कारण ती एकच गाडी अखंडपणे बदलत आली होती आणि मधल्या प्रत्येक टप्प्याचा इतिहास माहीत होता. वाद सौद्याचा होता, नोंदणीचा नव्हताच. एका गाडीचा नंबर दुसरीच्या अंगावर चढवण्याशी तर त्याचा काडीचा संबंध नाही. नोंदणीसाठी ब्रिटननं बरीच वर्षं गाडीत उरलेल्या मूळ भागांचे गुण मोजले: जुनी ओळख ठेवायला निदान ८ हवेत, त्यातले चासीचे ५ आणि इंजिनचा फक्त १.

‘मग गंजलेली गाडी टाकून द्यायची का?’ असं एका काकांनी त्याच ग्रुपवर विचारलं. नाही काका. माझ्याही फियाटची फरशी चाळणी झाली होती. ती तीन हप्त्यांत बदलली: आधी ड्रायव्हरची बाजू, मग डावी, मग डिकी. प्रत्येक वेळी कापण्याआधी आणि वेल्डनंतर फोटो, पत्र्याची पावती फाइलला. सांगाडा तोच. नंबराच्या पत्र्याला मात्र हात लावू दिला नाही. तिथला गंज वायर ब्रशनं साफ केला आणि वरून नुसतं पारदर्शक लॅकर. डेंटर अजून येता-जाता कुरकुरतो, “साहेब, एवढी गाडी चमकतेय आणि बोनेटखाली हा डाग कशाला ठेवलात?”